डावी मशीन

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या घरी नवा टीव्ही आला. पंचावन्न इंची, फोर-के, एचडीआर आणि अजून चार-दोन आद्याक्षरं. खोक्यावरची ती यादी बघून आई म्हणाली, "एवढ्या डिग्र्या आपल्या घराण्यात कुणाच्या नाहीत." बसवणारा पोरगा फराळ करून गेला आणि पहिला मान अण्णांचा म्हणून मी त्यांच्या तरुणपणातला एक कृष्णधवल मराठी चित्रपट लावला. अण्णा सांगलीतल्या एका थिएटरात सत्तावीस वर्षं ऑपरेटर होते. हा चित्रपट त्यांनी किती वेळा 'चालवला' याचा हिशेब त्यांच्यापाशीही नाही. ('पाहिला' असं ते कधी म्हणत नाहीत. ऑपरेटर पिक्चर चालवतो, पाहतात ते पब्लिक.) त्यांनी खुर्ची पुढं ओढली, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला आणि बसले. पाचएक मिनिटं झाली असतील. मग काही न बोलता उठले आणि व्हरांड्यात जाऊन पेपर उघडून बसले. पाडव्याला पेपर येत नाही. ते वाचत होते तो आदल्या दिवशीचा.

मी मागोमाग गेलो. "काय झालं अण्णा? पिक्चर आवडत नाही का हा?"

"पिक्चर कुठाय? शूटिंग चाललंय ते."

हे वाक्य मला दोन दिवस पुरलं. आत येऊन पुन्हा बघितलं तर म्हातारा बरोबर बोलत होता. नायक वाड्याच्या चौकातून चालला होता, पण तो असा चालत होता की जणू शेजारच्या लग्नातल्या व्हिडिओवाल्यानं त्याला आत्ताच टिपलाय. सगळं गुळगुळीत, सगळं सरपटणारं. कंदील, तुळशीवृंदावन, नऊवारीतली नायिका, सगळं हाताला लागेल इतकं जवळ आणि तितकंच खोटं. मेकअपची पावडर दिसत होती. मागची दगडी भिंत ही रंगवलेलं कापड आहे, हे साठ वर्षांत पहिल्यांदा उघडं पडलं असावं.

रात्री सगळे झोपल्यावर मी रिमोट घेऊन बसलो. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रं असतात. टीव्हीला ती कमी वाटतात. म्हणून दोन चित्रांच्या मधे काय घडलं असेल याचा तो अंदाज बांधतो आणि पदरची चित्रं घुसडतो. म्हणजे नायकाची जी पावलं कॅमेऱ्यानं कधी बघितलीच नाहीत, ती आमचा टीव्ही रचून दाखवत होता. प्रत्येक कंपनीनं या उद्योगाला वेगळं गोंडस नाव दिलंय आणि मेन्यूच्या चौथ्या घरात लपवून ठेवलंय. क्रिकेटला ते बरं असतं, चेंडू स्वच्छ दिसतो. पिक्चरची मात्र रया जाते. २०१८ साली टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी 'फिल्ममेकर मोड' नावाची सोय जाहीर झाली. एक बटण दाबलं की टीव्हीच्या बहुतेक सगळ्या लुडबुडी एकदम बंद. अण्णांना टॉम क्रूझ कोण ते माहीत नाही, पण दोघांचं एकमत आहे हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं.

लुडबुडी पुष्कळ होत्या. टीव्ही दुकानातून येतो तो नटूनथटून, 'व्हिव्हिड' मोडमध्ये. दुकानातल्या ट्यूबलाइटीत शेजारच्या वीस टीव्हींपेक्षा उठून दिसायचं असतं त्याला. घरी आणल्यावरही तो तसाच, लग्नातून आल्यावर शालू न बदललेल्या बाईसारखा. पांढरा रंग निळ्याकडे झुकलेला, माणसांच्या कडेनं कंपासनं ओढल्यासारखी रेघ. ती रेघ 'शार्पनेस'ची. त्यानं नवं काही दिसत नाही, फक्त असलेल्याला कड येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चेहरे. जुन्या कृष्णधवल फिल्मवर चांदीचे बारीक कण असतात, चित्रच त्या कणांचं बनलेलं असतं. टीव्हीला वाटतं ही घाण आहे. तो पुसायला घेतो आणि पुसता पुसता सुरकुती, दाढीचे खुंट, लुगड्याची वीण सगळं नेतो. उरतो मेणाचा चेहरा. हे मी दुसऱ्या दिवशी अण्णांना समजावायला गेलो तर त्यांनी मला मधेच थांबवलं. म्हणाले, "रवा म्हण की. चांगली प्रिंट रवाळ असायची. तूप रवाळ नसलं तर आपण काय म्हणतो? डालडा."

मी नॉइज रिडक्शन बंद केलं. डालडा गेला.

आईची तक्रार वेगळीच होती. जुन्या चित्रपटाची चौकट जवळपास चौकोनी, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजचा टीव्ही आडवा. त्यामुळं दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. "एवढे पैसे देऊन टीव्ही घेतला आणि दिसतोय तेवढाच?" तिनं रिमोटचं कुठलं तरी बटण दाबून चित्र भिंतभर ताणलं. नायिका एका क्षणात दोन मुलांची आई झाली. यावर घरात बराच वाद झाला, तो मी इथे देत नाही. पट्टे राहिले, एवढंच सांगतो.

अण्णांच्या थिएटरातल्या केबिनला बाहेरून लोखंडी जिना होता. उन्हाळ्यात कठड्याला हात लागला तर चटका बसायचा. मी आणि माझा चुलतभाऊ डबा द्यायला जायचो तेव्हा दारातच थांबायचं, आत यायचं नाही, असा नियम होता. तो नियम आम्ही रोज मोडायचो. आत दोन मशिनी, कमरेला उपरणं बांधलेल्या पैलवानांसारख्या शेजारी शेजारी उभ्या. मागच्या पेटीत कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, एक जाड, एक बारीक, वरून तांब्याचा पातळ मुलामा. त्यांची टोकं एकमेकांना टेकवून जरा मागं ओढली की मधल्या फटीत जो प्रकाश पेटायचा त्याकडं उघड्या डोळ्यांनी बघायची सोय नव्हती, पेटीला काळी काच असायची. कांड्या जळत जायच्या, फट वाढायची, म्हणून दर थोड्या वेळानं मूठ फिरवून त्या पुढं सरकवाव्या लागायच्या. वितळलेल्या तांब्याचे मणी खाली ट्रेमध्ये टपटपायचे. गरम लोखंड, तेल, वर पत्र्याच्या धुराड्यातून जाऊनही उरणारा एक करपट वास, आणि त्यात अण्णांच्या डब्यातल्या मेथीच्या भाजीचा. मूठ फिरवायला विसरलं की पडदा आधी पिवळा, मग तपकिरी व्हायचा आणि पिटातून आरोळी यायची, "ए लाईट!" त्या आरोळीला अण्णा फार भ्यायचे. घरी कधी झोपेतसुद्धा त्यांची उजवी मूठ फिरायची असं आई सांगते.

जळून उरलेली कार्बनची थोटकं आणि तुटलेल्या पट्टीचे तुकडे ही आमची कमाई. पट्टी तुटली की अण्णा ब्लेडनं कड खरवडायचे, फिल्म जोडायचं सिमेंट लावायचे, अंगठ्यानं दाबून धरायचे. दोन-चार चित्रं कायमची जायची आणि ती आमच्या खिशात यायची. फ्यूज बल्बचा बुडखा काढून त्यात पाणी भरायचं, दारात एकानं आरसा धरून ऊन आत सोडायचं, मधे पट्टीचा तुकडा, समोर आजोबांचं धोतर. नायिका उलटी पडली तर पट्टी उलटी धरायची. आमचा एचडीआर तो. ढग आला की शो बंद.

त्या केबिनमधली एक गोष्ट मला मोठेपणी कळली. रीळ हजार फुटांचं, अकरा मिनिटांत संपतं. दोन जोडून घेतली तरी वीस-बावीस मिनिटं. म्हणून मशिनी दोन. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो, क्षणभर. तेव्हा दुसरी मशीन चालू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका. तेव्हा पहिलीचा प्रकाश झाकायचा, दुसरीचा उघडायचा. हा चेंजओव्हर. पब्लिकला कळता कामा नये. "आणि कळायचं नाही?" मी विचारलं होतं. अण्णा हसले. "डावी मशीन जरा पिवळी मारायची. आरसा जुना होता तिचा. उजवी पांढरी. दर वीस मिनिटांनी पिक्चरचा रंग बदलायचा. सत्तावीस वर्षांत एकानंही विचारलं नाही."

दुसरं त्यांनी सांगितलं ते अजून मला पचलेलं नाही. प्रोजेक्टरमध्ये एक चित्र सरकून दुसरं येईपर्यंत पाकळी आडवी येते आणि प्रकाश अडवते. चित्र थांबलेलं असतानाही ती एकदा फिरून जाते, म्हणजे २४ चित्रं पडद्यावर ४८ वेळा लुकलुकतात. सगळं धरून जवळपास अर्धा वेळ पडद्यावर काहीच नसतं. "तीन तासांच्या पिक्चरला दीड तास लोक अंधारात बसलेले असतात," अण्णा म्हणाले, "आणि त्याचेच पैसे देतात." नव्या टीव्हीत ती पाकळी नाही, प्रकाश सलग असतो. गंमत म्हणजे मेन्यूत खोलवर एक सोय सापडली, ती दोन चित्रांच्या मधे काळी चौकट टाकते. म्हणजे एवढ्या संशोधनानंतर अंधार परत विकत.

खरा प्रश्न एचडीआरचा होता, म्हणजे झगझगीत उजेड आणि गडद सावली एकाच चित्रात दाखवायच्या सोयीचा. विश्रामबागेत माझा एक मित्र आहे, त्यानं वरच्या मजल्यावरची खोली काळ्या मखमलीनं मढवून घरचं थिएटर केलंय. सहा स्पीकर, जमिनीत हादरे देणारा एक, आणि छताला प्रोजेक्टर. त्याच्याकडं मी जुने रंगीत चित्रपट पुन्हा नीट करून काढलेल्या फोर-के डिस्कवर बघितले आहेत आणि खोटं कशाला बोलू, थक्क झालोय. थिएटरात जाणारी प्रिंट ही निगेटिव्हच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फिल्मच्या, नकलेची नक्कल असायची. निगेटिव्हमध्ये उजेड आणि सावली यांच्यात जेवढ्या पायऱ्या असतात तेवढ्या प्रिंटवर उतरतच नाहीत. आता निगेटिव्हच स्कॅन केली की खिडकीबाहेरचं जळून गेलेलं आभाळ परत येतं, काळ्या कोटातली घडी दिसते. दिव्याची ज्योत ज्योतीसारखी दिसते. हे खरं आहे आणि सुंदर आहे. पण मित्र कुरकुरतच असतो. प्रकाश निटमध्ये मोजतात. एक निट म्हणजे चौरस मीटरभर पृष्ठभागातून मेणबत्तीएवढा उजेड. पूर्वी घरच्या टीव्हीसाठी चित्रपट १०० निट धरून तयार करायचे. एचडीआरच्या डिस्क हजार किंवा चार हजार निट धरून केलेल्या असतात. मित्राचा प्रोजेक्टर शंभराच्या आसपास दम टाकतो. मग वरचं सगळं खाली कोंबावं लागतं. कसं कोंबायचं ते यंत्र ठरवतं. साध्या एचडीआरमध्ये अख्ख्या चित्रपटाला मिळून एकच सूचना असते, डॉल्बी व्हिजनमध्ये प्रसंगागणिक. ती सूचना यंत्रानं ऐकली तर ठीक, नाहीतर दिवसाचा प्रसंग संध्याकाळचा होतो. मित्र रात्र रात्र त्यात बोटं घालत बसतो. त्याला मी एकदाच सांगितलं, की चित्रपटगृहाच्या पडद्याचं प्रमाण ४८ निट आहे. अठ्ठेचाळीस. तुझा प्रोजेक्टर त्याच्या दुप्पट आहे. तो म्हणाला, "मग पैसे कशाला घातले?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

अण्णांनाही एकदा त्याच्याकडं नेलं. अंधार त्यांना पसंत पडला. पण पडद्याकडं ते कमी आणि मागं वळून जास्त बघत होते. निघताना म्हणाले, "आवाजच नाही रे मशीनचा. चालू आहे हे ऑपरेटरला कळायचं कसं?"

आमच्या टीव्हीचा गोंधळ याच्या उलट. त्याच्या अंगात उजेड मावत नाही. जो चित्रपट एचडीआर नाहीच, त्यालाही तो 'एचडीआर इफेक्ट' नावाचा रंग फासतो. कृष्णधवल चित्रपटातली पांढरी पैरण साबणाच्या जाहिरातीसारखी झळाळते आणि मग डोळा पैरणीवरून हलत नाही, चेहऱ्याकडं जातच नाही. रात्रीच्या प्रसंगात कंदिलाभोवती धुरकट खळं पडतं, कारण मागचे दिवे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला वेगळे नसतात, एकेका पट्ट्याला मिळून असतात. ते बंद केलं. मूळ चित्रात नाही ते कुठलंही बटण आणू शकत नाही, हे आपल्या लोकांनी तरी विसरू नये. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांची नायट्रेटवरची, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मवरची, रिळं जळाली. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली कंपनी, जिचा 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, तिची ती रिळं. आता कितीही निटचा टीव्ही आणा, त्या राखेतून सावलीची एक पायरी वाढायची नाही. आमच्या घरचं नुकसान त्यापुढं काहीच नाही. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि गावभागातल्या आमच्या माडीच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं. अण्णांची पत्र्याची ट्रंक खाली राहिली होती. तीत कार्बनच्या आठ-दहा कांड्या, लायसन्स आणि जपून ठेवलेलं पट्टीचं एक भेंडोळं. कांड्या धुऊन वाळवल्या, जशाच्या तशा. पट्टीवरचा जिलेटिनचा थर मात्र फुगला आणि वाळताना एकाला एक चिकटला. आता तो काळा लाकडासारखा ठोकळा आहे. नाकाशी नेला की आंबट वास येतो, बुरा आलेल्या लोणच्यासारखा.

तर एवढं सगळं करून, फिल्ममेकर मोड लावून, खोलीत दिवाळीच्या आकाशकंदिलाचा एक मंद दिवा ठेवून मी अण्णांना परत बोलावलं. ते बसले. उठले नाहीत. दहा मिनिटांनी म्हणाले, "आता पिक्चर आहे." मी मनात गुलाल उधळला. मग म्हणाले, "जरा पिवळं मारतंय पण." मी रंगाचं तापमान 'वॉर्म'वरून एक घर वर आणलं. दुसऱ्या दिवशी त्याच चित्रपटाला म्हणाले, "निळं का केलंस रे?" पुन्हा खाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा पिवळं. मी वैतागलो. पांढरा म्हणजे ६५०० केल्विन, जगभर हेच प्रमाण, हे मी त्यांना जरा चढ्या आवाजात सांगितलं. ऑपरेटरला. ज्यानं सत्तावीस वर्षं हातानं पांढरा सांभाळला त्याला. ते गप्प बसले आणि मला नंतर जेवण गेलं नाही.

माझ्या मुलीच्या ते आधी लक्षात आलं. "बाबा, आजोबा एका डोळ्यानं बघतात."

सप्टेंबरात मिरजेला अण्णांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डावा राहिला होता. डॉक्टर म्हणाले होते की हल्ली पिकायची वाट बघत नाहीत, लगेच करून घ्या. अण्णांनी "जानेवारीत बघू" म्हणून ढकललं. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, निळा रंग गिळतं. इतकं हळू की माणसाला पत्ता लागत नाही. नवं भिंग काचेसारखं स्वच्छ. म्हणजे अण्णांच्या उजव्या डोळ्याला पांढरं पांढरं दिसत होतं, खरं तर निळसर, आणि डाव्याला चहातून गाळल्यासारखं. ज्या बाजूच्या खुर्चीत बसतील, ज्या बाजूला उशी टेकतील, त्यावर तो डोळा पुढं व्हायचा. मी रिमोटवर ज्याच्या मागं लागलो होतो तो फरक टीव्हीत नव्हताच.

मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं. "उजवा कार्बन नवा घातलाय," एवढंच म्हणाले.

परवा रविवारी दुपारी तोच चित्रपट पुन्हा लावला. मॅटिनीची वेळ, पडदे ओढलेले, आई आत भडंगाला फोडणी करत होती त्याचा लसणाचा खमंग वास. कुणीतरी जुन्या प्रिंटवरून उतरवलेली ही प्रत आहे, त्यामुळं तिच्यावर ओरखडे आहेत, आवाजात खरखर आहे आणि ठिपकेही आहेत. मुलीनं पूर्वी एकदा विचारलं होतं, हा डाग कसला. अण्णांचा डावा तळवा डाव्या डोळ्यावर होता. मी त्यांच्या मागं बसलो होतो. नायिका विहिरीवरून घागर घेऊन निघाली आणि उजव्या कोपऱ्यात पहिला ठिपका आला. अण्णांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, गालापर्यंत आला आणि तिथंच थांबला. ती कमानीखालून गेली. दुसरा ठिपका. डावा तळवा निघाला, उजवा बसला.

स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "चटणी किती घालू?" अण्णा म्हणाले, "थांब जरा, रीळ लागलंय."